अचानक समोर काही आलं तर? वेगवान गाडी चालवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतल्या कुणी दोनशे-अडीचशे हॉर्सपॉवरची गाडी घेतली की पहिल्या महिन्यात पेढे येतात आणि दुसऱ्या महिन्यात फोन येतो. "अरे, काल एक्सप्रेसवेवर समोर ट्रकनं एकदम लेन बदलली, गाडी कशीबशी आवरली. असं झालं की नक्की करायचं काय?" या फोनवर जी उत्तरं पुन्हा पुन्हा द्यावी लागली, ती इथे लिहून ठेवली आहेत.

इव्हेजिव्ह ड्रायव्हिंग म्हणजे सिनेमातला पाठलाग, धूर, गाडी गर्रकन फिरवणं, तेच ना?

नाही. नाव भारदस्त आहे, काम साधं आहे: धडकणार असं वाटत असताना न धडकता निसटणं. त्यात तीनच गोष्टी येतात. जोरात ब्रेक मारणं, बाजूनं काढणं, आणि बाजूनं काढल्यावर डोलायला लागलेली गाडी सरळ करणं. तिसरी गोष्ट कुणी शिकवत नाही आणि बहुतेक जण तिथेच फसतात. गर्रकन फिरवण्याच्या कसरतीही असतात, त्यांच्याबद्दल खाली लिहिलंय. रोजच्या रस्त्यावर त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य.

आधी ब्रेक की आधी स्टिअरिंग?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हा, म्हणून उत्तरही लांब.

टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. ठरलेला आकडा, त्यातच सगळं भागवायचं. ब्रेक मारणं हा एक खर्च, वळणं हा दुसरा. सगळा पगार ब्रेकवर उडवलात तर वळायला काही उरत नाही. स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी नाकासमोर सरळ जात राहते. हिशोबात एक गंमत मात्र आहे. हा खर्च साध्या वजाबाकीनं होत नाही, वर्तुळाच्या नियमानं होतो. पूर्ण दाबलेला ब्रेक फक्त दहा टक्के सैल केलात, तर वळायला दहा टक्के नाही, जवळजवळ ४४ टक्के पकड मोकळी होते. म्हणून अनुभवी चालक शेवटच्या क्षणी ब्रेक सोडून देत नाही, किंचित ढिला करतो आणि त्याच वेळी स्टिअरिंग देतो.

आता आकडे. कोरडा रस्ता आणि चांगले टायर असतील तर गाडी साधारण ०.९ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट, इतक्या जोरानं थांबू शकते. त्या हिशोबानं फक्त ब्रेक लागल्यापासूनचं अंतर ताशी १०० किलोमीटरला ४४ मीटर, १२० ला ६३ मीटर, १४० ला ८६ मीटर. यात डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरा: अनुक्रमे आणखी २८, ३३ आणि ३९ मीटर. म्हणजे १२० ला एकूण ९६ मीटर झाले. डिपरवर, म्हणजे लो बीमवर, रस्ता नीट दिसतो तो ५०-६० मीटर. रात्री समृद्धीवर १२० नं लो बीमवर चाललेला माणूस न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी चालवत असतो, मग गाडी कुठल्याही कंपनीची असो.

थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं. बाजूला सरकायला लागणारं अंतर मात्र वेगाच्या सरळ प्रमाणात वाढतं, कारण दोन मीटर बाजूला जायला वेळ तेवढाच लागतो. अगदी सफाईनं केलं तर एक सेकंदाहून थोडा जास्त, तुमच्या-माझ्या हातानं दीड सेकंद. म्हणून ताशी ४०-५० ला ब्रेक हेच उत्तर, जवळपास नेहमीच. १०० च्या वर गेल्यावर, शेजारची लेन मोकळी आहे हे आधीपासून माहीत असेल, तर बाजूनं काढणं हा उपाय गणितात सरस ठरतो. "आधीपासून माहीत असेल तर" हे शब्द महत्त्वाचे. त्या दीड सेकंदात आरसा बघायला वेळ नसतो.

काहीच ठरवता आलं नाही तर सरळ रेषेत पूर्ण ब्रेक. १०० वरून ३० मीटरच मिळाले तरी आदळताना वेग ५६ वर आलेला असतो. सरळ आदळलेल्या गाडीत एअरबॅग, बेल्ट, पुढचा दबणारा भाग या सगळ्यांना काम करता येतं. आडवी होऊन डिव्हायडरवर गेलेल्या गाडीत त्यातलं थोडंच कामाला येतं.

गाडी दमदार आहे, ब्रेकही मोठे आहेत. मग १०० आणि १२० मध्ये असा काय फरक?

दोन सारख्या गाड्या शेजारी शेजारी घ्या, एक १०० ला, दुसरी १२० ला. दोघींनी एकाच रेषेवर एकाच क्षणी ब्रेक लावला. जिथे पहिली पूर्ण थांबली, तिथे दुसरीचा वेग अजून ६६ आहे.

एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, आहे. मग ब्रेक पंप करायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा दाबून सोडायचा का?

नाही. जुन्या वडीलधाऱ्यांची सवय आहे ती, आणि त्यांच्या काळात बरोबरच होती. बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासवर आलं. भारतात २०१९ पासून सगळ्या नव्या कारना ते सक्तीचं आहे. तुम्ही पायानं जे पंपिंग कराल, त्याच्या कितीतरी पट वेगानं ते प्रत्येक चाकाचा दाब कमी-जास्त करतं. तुमचं काम एकच: पाय फुटबॉलला लाथ मारल्यासारखा दाबायचा आणि दाबून ठेवायचा.

लोक नेमके इथे घाबरतात. पॅडल पायाखाली थरथरतं, कर्रर्र आवाज येतो, काहीतरी मोडलं असं वाटतं आणि पाय आपोआप उचलला जातो. काही मोडलेलं नसतं. तो थरथराट एकदा रिकाम्या जागेवर ताशी ५०-६० ला मुद्दाम अनुभवून ठेवा, म्हणजे खऱ्या वेळी दचकायला होत नाही. सुट्ट्या खडीवर किंवा वाळूवर एबीएसमुळे थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं. पण चाकं लॉक होत नसल्यानं गाडी वळवता मात्र येते, आणि एबीएसचा मूळ उद्देश तोच.

मूस टेस्ट, मूस टेस्ट म्हणतात ती काय भानगड आहे?

मूस म्हणजे उत्तरेकडचं अवाढव्य सांबर. पाय उंच, अंग चारशे-पाचशे किलोचं. स्वीडनमध्ये ते रस्त्यावर उभं राहतं. गाडीचं नाक त्याच्या पायांना लागतं आणि धड सरळ काचेवर येतं. म्हणून तिथे गाडीची परीक्षाच अशी घेतात: ठरलेल्या वेगानं यायचं, ब्रेक न लावता झटकन शेजारच्या लेनमध्ये जायचं, लगेच परत आपल्या लेनमध्ये यायचं. दोन्ही बाजूंना कोन, म्हणजे प्लास्टिकचे शंकू, लावलेले असतात. याच धर्तीचा आयएसओ ३८८८-२ हा आंतरराष्ट्रीय मापदंड आहे. त्यात सगळा मार्ग ६१ मीटरचा असतो आणि पहिल्या लेनची रुंदी गाडीच्या रुंदीवरून ठरते, म्हणजे रुंद गाडीला सवलत नाही, अरुंदला शिक्षा नाही.

२१ ऑक्टोबर १९९७ रोजी 'टेक्निकेन्स वॅर्ल्ड' या स्वीडिश मासिकानं नव्या कोऱ्या मर्सिडीज ए-क्लासवर ही चाचणी घेतली. ताशी साठच्या आसपासच्या वेगाला गाडी उलटली. मर्सिडीज, आणि साठला उलटली! जर्मनीत खळबळ उडाली. पूर्व जर्मनीची डब्यासारखी ट्रॅबंट गाडी ही चाचणी पास होते असे टोमणे सुरू झाले. कंपनीनं आधी हात झटकले, मग शहाणपण सुचलं. डिलिव्हरी सुमारे तीन महिने थांबवली, सस्पेन्शन बदललं, आणि मुख्य म्हणजे ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, प्रत्येक ए-क्लासमध्ये फुकट घातलं. तोवर ही यंत्रणा महागड्या गाड्यांपुरती होती, १९९५ मध्ये एस-क्लास कूपेमध्ये पहिल्यांदा आलेली. एका उलटलेल्या छोट्या गाडीमुळे ती सामान्य माणसाच्या गाडीत लवकर पोचली.

याच मासिकाच्या चाचणीत वर्षानुवर्षं मिरवलेला विक्रम कुणाचा, ओळखा. फेरारीचा नाही, पोर्शाचाही नाही. सित्रोएन झान्टिया ॲक्टिव्हा या फ्रेंच फॅमिली गाडीनं १९९९ मध्ये ताशी ८५ ला ही चाचणी पार केली, कारण तिची हायड्रॉलिक यंत्रणा गाडीला वळताना कलूच देत नसे. हॉर्सपॉवरचा इथे संबंध नाही. मूस टेस्टमध्ये ॲक्सिलरेटर सोडलेलाच असतो.

आपल्याकडे मूस नाहीत. मग?

रोही आहेत ना! विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. नीलगाय म्हणा, रोही म्हणा, नर सव्वादोनशे-अडीचशे किलोपर्यंत भरतो, पाय उंच, आणि कळपानं येतो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, नागपूर ते मुंबईच्या वेशीवरचं आमणे. डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा. प्राण्यांसाठी त्यावर खालून-वरून रस्ते केलेत, पण सगळे प्राणी ते वापरायचे असं ठरवून थोडेच आलेत. त्या परीक्षेला आपण रोही टेस्ट म्हणावं असं माझं मत आहे.

मग कुत्रा किंवा रोही आडवा आला तर वाचवायचं की नाही?

उत्तर कठोर आहे. १०० च्या वर वेग असताना कुत्र्यासाठी, मांजरासाठी, कोल्ह्यासाठी स्टिअरिंग फिरवू नका. सरळ रेषेत जेवढा लागेल तेवढा ब्रेक लावा आणि धडक होणार असेल तर होऊ द्या. बंपर जाईल, रेडिएटर जाईल, मन दोन दिवस खाईल. लहान जनावर वाचवताना कडेच्या बॅरियरवर किंवा शेजारच्या बसखाली जाणं यापेक्षा फार वाईट.

रोही, म्हैस, बैल यांचं वेगळं, कारण ते काचेतून आत येऊ शकतात. आधी पूर्ण ब्रेक. बाजूनं काढायची वेळ आलीच तर जनावराच्या शेपटीकडून, म्हणजे ते जिथून आलं त्या बाजूनं काढा, कारण बहुतेकदा ते पुढेच पळतं. पण एक रोही दिसली की मागे आणखी असणार हे धरूनच चाला. आणि माणूस असेल तर यातलं काहीच लागू नाही. तिथे जे करता येईल ते सगळं करायचं.

"जिकडे नजर तिकडे गाडी" असं म्हणतात ते खरं का?

शंभर टक्के. घाबरलेला माणूस ज्याला टाळायचंय त्याच्याकडेच टक लावून बघतो आणि हात नकळत तिकडेच वळतात. मोकळ्या मैदानात एकुलत्या एका झाडाला दुचाकी धडकलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. म्हणून बघायचं ते निसटायच्या फटीकडे.

अमेरिकेतल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये यासाठी एक झकास सराव असतो. समोर तीन लेन, प्रत्येकीवर दिवा. तुम्ही वेगानं येता आणि अगदी शेवटी दोन दिवे लाल होतात. जी लेन उरली तिच्यात शिरायचं. या प्रकारच्या शाळांमधलं मोठं नाव म्हणजे बॉब बाँडुरंट. १९६७ मध्ये वॉटकिन्स ग्लेनच्या रेस ट्रॅकवर ताशी अडीचशेच्या आसपास वेग असताना त्याच्या रेसिंग कारच्या स्टिअरिंगचा भाग तुटला. जबर जखमी झाला, आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत त्यानं कॅलिफोर्नियात शाळा काढली. त्या लाल दिव्यांच्या सरावात नवखे लोक कोन उडवतात ते हात मंद असतात म्हणून नाही, तर डोळे लाल दिव्यावर अडकलेले असतात म्हणून.

मागची चाकं सुटली तर काय करायचं?

गाडीची शेपूट उजवीकडे जातेय असं समजा. म्हणजे नाक डावीकडे वळतंय. तुम्हाला जायचंय त्या दिशेला, म्हणजे उजवीकडे, स्टिअरिंग द्यायचं. रस्त्याच्या पुढच्या भागाकडे बघत राहिलात तर हात हे आपोआप करतात. ॲक्सिलरेटरवरून पाय हळू उचलायचा, ब्रेकवर उडी मारायची नाही.

आता ती तिसरी, न शिकवली जाणारी गोष्ट. पहिला झटका बऱ्याच जणांना सावरता येतो, पण दुसऱ्यात ते जातात. कारण शेपूट परत मध्यावर येत असताना स्टिअरिंग उलटं दिलेलंच राहतं. टायर एकदम पकड घेतात आणि गाडी दुसऱ्या बाजूला दुप्पट जोरानं फेकली जाते. म्हणून शेपूट परत यायला लागली की ती मध्यावर पोचायच्या आधीच हात सरळ करायला सुरुवात करायची. बोलायला सोपं आहे. मी स्वतः ट्रॅकवर पहिल्या दिवशी तीनदा गिरकी घेतली, तिन्ही वेळा दुसऱ्या झटक्यात. शेजारी बसलेले प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "हात उशिरा आले." चौथ्यांदा जमलं, आणि ते अंगात भिनायला आणखी दोन दिवस गेले.

नाकच वळत नसेल, म्हणजे स्टिअरिंग देऊनही गाडी सरळ चाललीय, तर आणखी वळवू नका. थोडा वेग उतरू द्या, स्टिअरिंग किंचित सैल करा, पुढचे टायर पुन्हा पकड घेतील. हे मनाविरुद्ध वाटतं. सगळ्यांनाच वाटतं.

पोर्शा ९११ बद्दल एवढी भीती का घालतात?

तिचं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे असतं. जुन्या ९११ मध्ये वळणावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जायचं, मागची चाकं हलकी व्हायची आणि इंजिनाचा जडपणा शेपटीला लंबकासारखा बाहेर न्यायचा. जुन्या ९३० टर्बोला तर इंग्रजीत विधवा करणारी गाडी असंच टोपणनाव पडलं. आजच्या ९११ मध्ये रुंद टायर, बदललेलं मागचं सस्पेन्शन आणि इलेक्ट्रॉनिक्स यामुळे ती खोड जवळपास गेली आहे. पण वळणाच्या मध्यावर एकदम पाय उचलायचा नाही हा धडा कुठल्याही जोरकस गाडीला लागू आहे, पुढची चाकं ओढणाऱ्या हॅचबॅकलासुद्धा.

ऑल-व्हील ड्राइव्ह घेतली तर जास्त सुरक्षित ना?

सुटताना आणि वळणातून बाहेर पडताना, हो. थांबताना काडीचा फरक नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात.

ईएसपी बंद करायचं बटण असतं. तज्ज्ञ लोक ते बंद करतात म्हणे?

रस्त्यावर नाही. ही यंत्रणा काय करते ते बघा. स्टिअरिंग किती फिरवलंय, गाडी स्वतःभोवती किती वेगानं फिरतेय, बाजूला किती ढकलली जातेय, प्रत्येक चाक किती फिरतंय हे सगळं ती सतत मोजते. तुम्ही मागताय तेवढी गाडी वळत नसेल तर आतल्या मागच्या चाकाला ब्रेक लावून नाक आत खेचते. शेपूट सुटत असेल तर बाहेरच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावून सरळ करते. एकाच चाकाला ब्रेक लावणं जगातल्या कुठल्याही रेसरला जमत नाही, त्याच्या पायाखाली पॅडल एकच असतं.

अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ च्या अखेरीपासून सगळ्या नव्या गाड्यांना ती सक्तीची आहे. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या चाचणीत, तीन किंवा जास्त स्टार हवे असतील तर ती लागतेच. ट्रॅकवर शिकताना, प्रशिक्षक शेजारी असताना आणि बाहेर पसरट मोकळी जागा असताना बटण बंद करून बघा. लोणावळ्याच्या घाटात मित्रांना दाखवायला नको.

हँडब्रेक टर्न, जे-टर्न शिकण्यात काही अर्थ आहे का?

मजा आहे, अर्थ कमी.

हँडब्रेक टर्नला अमेरिकेत बूटलेग टर्नही म्हणतात. १९२० ते १९३३ तिथे दारूबंदी होती. डोंगराळ भागातून चोरटी दारू पोचवणारी पोरं साध्या दिसणाऱ्या गाड्यांची इंजिनं वाढवून पोलिसांना चकवायची, नाकाबंदी दिसली की जागच्या जागी गाडी उलट फिरवून पसार. दारूबंदी उठली, तरी कर चुकवायला हा धंदा चालू राहिला, आणि त्याच पोरांच्या शर्यतींच्या नादातून पुढे १९४८ मध्ये नॅसकार ही अमेरिकेतली मोटार शर्यतींची संस्था उभी राहिली. तत्त्व एकच: स्टिअरिंग देऊन हँडब्रेकनं फक्त मागची चाकं लॉक करायची, सरपटणाऱ्या चाकाला बाजूची पकड राहत नाही, शेपूट फिरते.

जे-टर्न म्हणजे रिव्हर्समध्ये सरळ वेग घेऊन, ॲक्सिलरेटर सोडून, स्टिअरिंग झटक्यानं फिरवायचं. मागे जाताना वेग कमी झाला की वजन मागच्या चाकांवर येतं, नाक हलकं होतं आणि गर्रकन पुढे येतं. व्हीआयपींच्या सुरक्षा चालकांना हे शिकवतात, कारण समोर रस्ता अडवलेला असताना त्यांना थांबायची मुभा नसते. तुमच्या-आमच्यासमोर रस्ता अडवला जातो तो वरातीनं.

शिवाय आजच्या वेगवान गाड्यांत हे करायला गाडीच परवानगी देत नाही. हँडब्रेकच्या जागी बटण असतं. चालत्या गाडीत ते ओढून धरलं तर बहुतेक गाड्या चारही चाकांना शिस्तीत ब्रेक लावतात. मागे जात असताना ऑटोमॅटिक गिअर पुढचा पडत नाही. ईएसपी मध्ये येतं ते वेगळंच.

रॅलीवाले वळणाआधी उलट्या बाजूला झोला देतात, तो प्रकार?

स्कँडिनेव्हियन फ्लिक. बर्फावर, मातीवर वळणाच्या उलट बाजूला आधी हेलकावा देऊन वजन झुलवायचं आणि त्या झुल्यावर शेपूट बाहेर टाकून नाक वळणात आणायचं. राउनो आल्टोनेनसारख्या फिनिश चालकांनी छोट्या मिनीला साठच्या दशकात याच असल्या युक्त्यांनी माँटे कार्लो रॅली जिंकून दिली. डांबरावर हीच क्रिया म्हणजे वर सांगितलेला दुसरा झटका, मुद्दाम ओढवून घेतलेला.

पावसात गाडी पाण्यावर तरंगते म्हणतात. कुठल्या वेगाला?

नासानं साठच्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक अंदाजी सूत्र काढलं, ते गाड्यांनाही ढोबळमानानं लागतं. टायरमधल्या हवेच्या दाबाचं, पीएसआयमध्ये, वर्गमूळ काढा आणि साडेसोळानं गुणा: ताशी किलोमीटर येतात. ३३ पीएसआय असेल तर ९५ च्या आसपास. हे साचलेल्या पाण्यात आणि गोटा झालेल्या टायरला. चांगल्या नक्षीचा टायर पाणी फेकतो, त्यामुळे त्याला थोडी जास्त सवड मिळते. कायद्यानं नक्षी १.६ मिलिमीटर पुरते, पण जुलै महिन्यात सह्याद्रीत तेवढ्यावर भरवसा ठेवणाऱ्याच्या गाडीत मी बसणार नाही. ट्रॅकसाठी घेतलेले, जवळजवळ गुळगुळीत टायर घालून पावसात निघणारे वीर मी पाहिलेत.

स्टिअरिंग एकदम हलकं लागलं म्हणजे तरंगताय. ब्रेक नको, स्टिअरिंगशी खेळ नको. पाय उचला, हात सरळ धरा, चाकं खाली टेकायची वाट बघा. आणि ओल्या रस्त्यावर थांबायचं अंतर जवळपास दुप्पट धरा: १०० ला ४४ चे ७९ मीटर होतात.

टायर फुटला तर?

दचकून ब्रेक मारणं हीच चूक. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, गाडी सरळ, ॲक्सिलरेटर एकदम सोडायचा नाही, हळूहळू कमी करायचा. वेग पन्नासच्या खाली आला की मग कडेला. पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग एका बाजूला जोरात ओढतं. मागचा फुटला तर शेपूट डोलते, आणि तो जास्त फसवा.

बहुतेक टायर फुटतात ते हवा कमी असल्यानं. कमी हवेत टायरची कड सतत दुमडते आणि तापते. हवा थंड टायरमध्ये, सकाळी निघतानाच तपासा.

सीट आणि हात कुठे?

खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे. ब्रेक तळाला दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, नाहीतर पूर्ण जोर लागत नाही. हात घड्याळातल्या पावणेतीनवर. एक हात खिडकीत ठेवून आडवं पडून चालवायची ऐट सगळ्यांनाच आवडते, पण तशा बसण्यातून दीड सेकंदात दोन लेन हिंडून येता येत नाही. आणि १०० च्या पुढे स्टिअरिंग फार फिरवावंच लागत नाही. पाव फेरी म्हणजे पकडीच्या पार पलीकडे.

कुणी खरंच पाठलाग करत असेल तर?

पळू नका. आधी खात्री करा: चार वेळा डावीकडे वळा, म्हणजे तुम्ही जिथून निघालात तिथेच येता. तरीही मागे असेल तर तो योगायोग नाही. घरी जाऊ नका, घर दाखवाल. दारं लॉक, ११२ ला फोन, आणि पोलीस चौकी, पेट्रोल पंप, टोलनाका अशी उजेडाची, माणसांची जागा. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवा, म्हणजे रिव्हर्स न घेता बाजूनं निघता येतं.

हे सगळं एक्सप्रेसवेवर पहाटे रिकामा रस्ता बघून करून पाहिलं तर?

मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक चालवण्याला लागतं: पहिल्या वेळी एक ते पाच हजार दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. मित्राबरोबर चढाओढ केलीत तर कलम १८९, पहिल्यांदा पाच हजारांपर्यंत किंवा तीन महिन्यांपर्यंत, दुसऱ्यांदा दहा हजारांपर्यंत किंवा एक वर्षापर्यंत. शिवाय शर्यत आणि वेगचाचणी या गोष्टी विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत बाहेर ठेवलेल्या असतात. दंडापेक्षा ते महाग पडतं.

मग शिकायचं कुठे?

महाराष्ट्रात रेस ट्रॅकची वानवा, ही आपली जुनी तक्रार. पुणे-चाकणला गाड्या बनतात आणि त्या पळवायला आपण तमिळनाडूत जातो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोईमतूरचा कारी मोटर स्पीडवे, दिल्लीजवळ २०११ चं बुद्ध सर्किट. जर्मन कंपन्या आपल्या गिऱ्हाइकांसाठी अधूनमधून प्रशिक्षणाचे दिवस भरवतात, डीलरला विचारून ठेवा. बुद्धसारख्या मोठ्या ट्रॅकवर पहिल्याच दिवशी जायचा मोह टाळा. तिथे सरळ रस्त्यावर वेग मिळतो, आणि ज्यासाठी आलात ते कमी शिकायला मिळतं. धावपट्टीएवढी मोकळी डांबरी जागा, चाळीस कोन, पाण्याचा टँकर आणि रागावणारा प्रशिक्षक एवढं असेल तर ताशी साठच्या आत सगळं शिकता येतं. ए-क्लाससुद्धा साठलाच उलटली होती.

आपली गाडी नेण्यापेक्षा तिथली जुनी, कमी ताकदीची गाडी मिळाली तर ती घ्या. कमी ताकदीच्या गाडीत चूक सावकाश घडते, त्यामुळे दिसते.

ट्रॅकवर जाताना गाडीतून काय काढायचं?

सगळं सुटं सामान. पाण्याची बाटली पहिल्याच ब्रेकला सीटखालून घरंगळत पुढे येते आणि पॅडलखाली बसते. हा विनोद नाही, ब्रेक दाबलाच जात नाही. चालकाच्या पायाखालची सुटी मॅट, डिकीतली स्टेपनी घट्ट बसवलेली नसेल तर ती, मुलांची खेळणी, फोनचा स्टँड. आणि डॅशबोर्डवर दुहेरी टेपनं चिकटवलेले गणपती बाप्पा. पितळेचे असतील तर नक्कीच. त्यांना रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवा आणि परतताना पुन्हा बसवा.